मास्तरांचा ब्रेक

आत्या नापास झाली, आणि तोंड उतरलं ते माझ्या बाबांचं. ती स्वतः परीक्षेच्या मैदानावरून तरातरा चालत आली, आमच्या बाकावर बसली, बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "साहेब भला माणूस आहे रे दादा. माझ्यापायी चष्मा उडून पडला त्याचा, तरी 'पुन्हा या, बाई' म्हणाला."

"पण झालं काय?" बाबांनी विचारलं.

"पांढरी रेघ आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबेना. मग साहेबानेच दाबला."

साहेबाने ब्रेक दाबला की उमेदवार नापास. हा नियम बाबांना सांगायची गरज नव्हती. निम्म्या गावाला गाडी शिकवलेला हा माणूस. किराणावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला आहे. शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याने सावरायचं. परीक्षाही त्याच गाडीत होते, फक्त बाबांच्या जागी साहेब बसतो. म्हणजे गाडी तीच, बाई तीच, रेघही रोजच्यासारखीच. बाबांच्या शेजारी बसून अलगद गाडी थांबवणारी आत्या साहेबाच्या शेजारी बसल्यावर रेघ ओलांडून गेलीच कशी, हे कोडं काही सुटेना.

मी चिडले होते. मी चिडले की गप्प बसते असं मला वाटतं. घरचे वेगळं सांगतात. चिडायला कारण होतं. ही परीक्षा म्हणजे आत्याची हौस नव्हती. तिची आणि काकांची गावाबाहेरच्या टेकडीवर रोपवाटिका आहे, तिथेच त्यांचं दोन खोल्यांचं घर. काकांनी गाडी चालवायची आणि आत्याने रोपं वाढवायची, अशी दोघांची आयुष्यभराची वाटणी. गेल्या वर्षी काका गेले आणि त्यांची निळी व्हॅन पत्र्याच्या छपराखाली उभी राहिली. बस टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाते. पण बसमधून माणूस जातो, मातीची गोणी जात नाही, आणि गुलाबाचं रोप मांडीवर घेऊन बसलं तर शेजारचा माणूस उठून उभा राहतो.

आत्याचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो. गुणी आहे, रोज फोन करतो. त्याचं म्हणणं, आई, आता पुरे झालं, माझ्याकडे ये. रोपवाटिका चालवायला घेणारं एक जोडपंही त्याने शोधून ठेवलं होतं. त्याच्या घरात आत्यासाठी काढून ठेवलेल्या खोलीला एक मोठी खिडकी आहे, ती उघडत नाही. शेवटी मायलेकांत ठरलं की उन्हाळा संपायच्या आत लायसन्स मिळालं तर आत्या टेकडीवर राहणार, नाही मिळालं तर सामान बांधणार. आत्याने शब्द दिला होता आणि तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आता परीक्षेची एकच तारीख उरली होती.

घरी येताना बाबा वाटेत गॅरेजला थांबले आणि मेकॅनिकला ब्रेक तपासायला लावले. तो गाडीखाली गेला, बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "मास्तर, ब्रेक एकदम झकास आहे. माणूस तपासा."

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात निकालाचं पोस्टमॉर्टेम झालं.

"सराव कमी पडला," बाबा म्हणाले. "गाडी अंगात मुरावी लागते. मी चार पावसाळे जास्त पाहिलेत, मला विचारा."

"सराव रग्गड झालाय, बाबा," मी म्हणाले. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात माझ्या बोलण्याला फारशी किंमत नाही. "तिला अंतराचा अंदाज येत नाहीये. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर दुप्पट नाही, चौपट लागतं." आणि मी बिस्किटांच्या पुड्याच्या कागदावर आकृती काढून दाखवली.

आत्याने आकृतीवरचं बिस्किट उचलून खाल्लं. "हे बघा दोघं. गाडी थांबवायची असेल तर ब्रेक दाबायचा. एवढं कळायला पुस्तकही लागत नाही आणि पावसाळेही लागत नाहीत. साधी अक्कल लागते, ती माझ्याकडे आहे. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. मग गाडीला विचारा ना, मला काय विचारताय?"

हा वाद आमच्या घरात नवा नाही. नळ गळो की पोळी करपो, बाबा अनुभवाचं सांगतात, मी वाचलेलं सांगते आणि आत्या म्हणते, अरे, जरा डोकं वापरा. एरवी मला त्यात मजा येते. त्या दिवशी मात्र आत्याचे हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट अडकलेले मला दिसले, आणि आकृती काढल्याचं वाईट वाटलं.

"तीन शहाणे एका टेबलाशी बसले की चहा गार होतो," आई म्हणाली आणि कप उचलून घेऊन गेली. आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा असतो, फक्त ती तो भांडी घासता घासता बोलते, म्हणून ऐकू येत नाही.

कॉलेजला सुट्टी होती. दुसऱ्या दिवसापासून मी शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर बसायला लागले. बाबांना ते फारसं रुचलं नाही. "प्रोफेसरीणबाई आता आमची तपासणी करणार," असं म्हणून त्यांनी आरसा माझ्या तोंडावरून मुद्दाम दुसरीकडे वळवला.

बाबांची शिकवण्याची पद्धत गावात प्रसिद्ध आहे. शेजारी बसल्यावर ते दोन्ही पाय मागे, सीटच्या खाली घेतात. पहिल्याच दिवशी शिकणाऱ्याला सांगतात, "माझ्यापुढचा ब्रेक शोभेचा आहे असं समजायचं. मी तो दाबणार नाही." मग खिडकीत कोपर ठेवून गुणगुणायला लागतात. समोरून ट्रक आला तरी गुणगुणणं थांबत नाही. शिकणाऱ्याला घाम फुटतो आणि तो शिकतो. माणसाला चुकू दिल्याशिवाय हात बसत नाही, यावर त्यांची श्रद्धा आहे.

आत्याच्या शेजारी बसल्यावर ते गुणगुणत नव्हते. बोलत होते. अखंड. "आरसा बघ, चिमे. सायकलवाला बघ. चेंडू दिसला की मागून पोर येणार, हे लक्षात ठेव. क्लच हळू. अगं हळू म्हणजे हळू." साठीच्या बाईला चिमी म्हणणारा माणूस आता जगात एकच उरला आहे, म्हणून आत्या ते ऐकून घेते. एरवी कुणी असं उंटावरून शेळ्या हाकायला लागलं तर ती त्याला उंटावरून खाली ओढेल.

आम्ही बाजाराच्या रस्त्याने गेलो, टायरच्या दुकानाला वळसा घातला आणि लाँड्रीच्या उतारावर आलो. उताराच्या तळाशी शाळेचं फाटक आहे आणि तिथे तशीच पांढरी रेघ. आत्या छान चालवत होती. हात स्थिर, मान ताठ. रेघ जवळ आली, गाडीचा वेग कमी झाला आणि गाडी रेघेच्या अलीकडे अलगद थांबली. नाव ठेवायला जागा नव्हती.

आणि तरी मला काहीतरी खटकलं. काय ते लगेच कळलं नाही.

"पुन्हा एकदा," मी म्हणाले.

"कशाला? चांगली तर थांबली," बाबा म्हणाले.

"पुन्हा एकदा, बाबा."

आम्ही वळसा घालून पुन्हा वर गेलो आणि पुन्हा उतरायला लागलो. या वेळी मी रस्ता सोडून आत्याचा गुडघा बघत बसले. लाँड्री मागे गेली. गाडीचं नाक किंचित खाली झुकलं, माझं अंग पुढे गेलं, वेग कमी झाला. आणि त्यानंतर, हो, त्यानंतर आत्याचा गुडघा हलला.

दर वर्षी पहिल्या तासाला मी पोरांना सांगते की कारण आधी येतं आणि परिणाम नंतर. कुठे उलटं दिसलं तर निसर्गाला दोष देऊ नका, दुसरं कारण शोधा. मी पुढे वाकले आणि दोन सीटच्या मधून खाली पाहिलं. माझ्या वडिलांचा चॉकलेटी बूट शोभेच्या ब्रेकवर होता. अगदी हलका, जपून ठेवलेला. वर त्यांचं तोंड आरशाबद्दल बोलत होतं.

"बाबा!"

मी इतक्या मोठ्याने ओरडले की आत्याने दचकून ब्रेक दाबला. स्वतः, जोरात, पहिल्यांदाच. गाडी आचका देऊन बंद पडली. मागे लाँड्रीवाला दारात आला, हातात कुणाचा तरी ओला शर्ट.

"तुम्ही ब्रेक दाबताय," मी म्हणाले.

"मी? वेड लागलंय का तुला? इतकी वर्षं शिकवतोय मी..." असं म्हणत बाबांनी खाली पाहिलं. बूट अजून तिथेच होता. दुसऱ्या कुणाचा तरी पाय चुकून आपल्या घरात शिरावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो हळूच मागे घेतला.

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. आम्ही मेकॅनिकला गाडीखाली झोपवून आलो होतो.

आत्या आधी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, स्टिअरिंगवर कपाळ टेकवून. "मी म्हणत होते ना, गाडी शहाणी आहे! माझ्या मनात यायच्या आत थांबते!" मग हसणं ओसरलं. ती सरळ बसली आणि समोर बघत म्हणाली, "म्हणजे दादा, आजवर गाडी मी चालवलीच नाही. तूच चालवत होतास."

"चिमे, मला खरंच कळलं नाही."

"दोन महिने मी घरी जाऊन एकटी खूश होत होते रे. त्यांच्या फोटोला सांगत होते की बघा, मला जमायला लागलं." एवढं बोलून तिने पिशवी उचलली, दार उघडलं आणि बसथांब्याकडे चालायला लागली. बाबांनी हाक मारली नाही. हाक मारायला तोंड लागतं, आणि त्यांना तोंड राहिलं नव्हतं.

संध्याकाळी ते अंगणात गाडी धूत होते. गाडी स्वच्छच होती. मी जाऊन पायरीवर बसले. मला त्यांना बरंच काही सुनवायचं होतं आणि त्याची मनातल्या मनात तयारीही केली होती.

"दुसऱ्या कुणाच्या वेळी जातो का पाय?" मी विचारलं.

"नाही गं. परवा त्या दंतवैद्याच्या मुलीने गाडी थेट कचऱ्याच्या पेटीवर नेली. तेव्हाही नाही गेला. पेटीला पोचा पडला, मला नाही."

"मग आत्याच्याच वेळी का?"

त्यांनी फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं. "टेकडीच्या त्या उतारावर मी काय काय पाहिलंय, ते तू पाहिलेलं नाहीस. दोरी लावून गाड्या वर काढल्यात मी तिथून. तुझ्या पुस्तकात गाडी किती अंतरात थांबते ते असतं. गाडीत कुणाची बहीण बसलीय, ते नसतं."

माझी तयारी तिथेच पाण्यात गेली. अनुभवाने माणूस शहाणा होतो म्हणतात. आमचे बाबा अनुभवाने भित्रे झाले होते, आणि तेही एका माणसापुरते. मला त्यांचा इतका लळा आहे हे मला एरवी आठवत नाही. तेव्हा आठवलं, आणि आठवलं म्हणून मी आणखीच तिखट बोलले.

"दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ठीक आहे. पण तुम्ही तिचं ताक फुंकत बसलात, बाबा. ती नापास झाली तर त्या न उघडणाऱ्या खिडकीशी जाऊन बसणार आहे. ते चालेल तुम्हाला?"

बाबांनी चाक पुसायला घेतलं. "जिवंत तर असेल," ते म्हणाले. आणि मग लगेच, "नाही चालणार. तिला तिथे बघवणार नाही मला."

"मग हे तिला सांगा."

"काय सांगू?"

"मला भीती वाटते म्हणून सांगा. साधं वाक्य आहे."

साधी वाक्यं आमच्या घराण्यात कुणाला जमत नाहीत. रागवायचं, टोमणे मारायचे, स्वच्छ गाडी पुन्हा धुवायची, पण साधं वाक्य बोलायचं नाही. आई खिडकीतून म्हणाली, "फोन करा तिला. नाहीतर उद्या ती यायची नाही." बाबांनी फोन केला नाही.

पण आत्या आली. सकाळच्या पहिल्या बसने आली, चहासुद्धा न घेता गाडीत जाऊन बसली आणि हॉर्न वाजवला. बाबा धावतच बाहेर गेले. मीही गेले; मागची सीट आता माझी होती.

"चिमे, कालचं..." बाबांनी सुरुवात केली.

"कालचं काल गेलं. मांडी घाल."

"काय?"

"सीटवर मांडी घालून बस. पाय वर घे दोन्ही. मला ते दिसले पाहिजेत."

"अगं, लोक काय म्हणतील? मास्तर आहे मी."

"म्हणून तर. तुझ्या पायाला कळत नाही की तुझं तोंड काय कबूल करून बसलंय. त्याला समजावून उपयोग नाही. त्याला बांधून ठेवायचं."

मी याचा विचार केला होता, नाही असं नाही. बाबांपुढचा ब्रेक काढून ठेवावा, पायाखाली लाकडाचा ठोकळा लावावा, एखादा दिवा बसवावा, असे माझ्याकडे तीन उपाय तयार होते आणि त्यांपैकी एकाचीही आकृती मी दाखवली नाही.

बाबांनी बूट काढले. कष्टाने, कुरकुरत, दाराला धरून त्यांनी मांडी घातली, पट्टा लावला आणि हात गुडघ्यांवर ठेवले. आत्याने चावी फिरवली. गाडी निघण्याआधी ते समोर बघत म्हणाले, "मला भीती वाटते गं. तुझ्यासाठी. त्या रस्त्याची."

"मलाही वाटते," आत्या म्हणाली. "म्हणून तर शिकतेय. नसती वाटली तर कधीच गेले नसते का चालवत?"

त्यानंतरचे दिवस माझ्या मानेला चांगले आठवतात. आत्या आता खरोखर ब्रेक दाबत होती, म्हणजे कधी फार लवकर, कधी फार उशिरा आणि कधी सगळा जीव एकवटून. शाळेच्या फाटकाशी आम्ही रेघेच्या इतक्या अलीकडे थांबलो की मागच्या रिकाम्या बसचा ड्रायव्हर उतरून चौकशीला आला. आणि शेजारी मास्तर मांडी घालून. गावाला तेवढंच हवं होतं. "मास्तर ध्यानाला बसले," लाँड्रीवाला म्हणाला. दंतवैद्याने भर चौकात गाडी थांबवून नमस्कार केला. बाबांनी सगळं सोसलं. घामाने शर्ट भिजत होता आणि मांडीतल्या पायाचा अंगठा मोज्यातल्या मोज्यात वळवळत होता. पण पाय खाली आला नाही.

एकदा लाँड्रीच्या उतारावर आत्या वैतागून मला म्हणाली, "तुझं ते दुप्पट-चौपट पुन्हा सांग. चित्र नको. नुसतं सांग."

मी सांगितलं. ती गाडी कडेला घेऊन विचार करत बसली. "म्हणजे भरलेल्या झारीसारखं," ती म्हणाली. "रिकामी झारी घेऊन पळत आलं तरी कुठेही थांबता येतं. भरलेली असली की वाफ्याजवळ येण्याआधीच चाल हळू करायची, नाहीतर निम्मं पाणी चपलेत." ते शास्त्रात तंतोतंत बसत नव्हतं. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मग तिने गाडी कशी थांबवली ते पाहून बंद केलं.

बाबाही आता कमी बोलत होते, म्हणून जे बोलत ते ऐकू येत होतं. "ज्या गिअरमध्ये चढ चढलीस, त्याच गिअरमध्ये उतर. उतारावर ब्रेक दाबून धरू नको, तापतो आणि ऐन वेळी दगा देतो." आत्याने कारण विचारलं. त्यांनी मागे माझ्याकडे पाहिलं. मी कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू मी पास झाले.

दुसऱ्या परीक्षेला साहेब आले ते चष्म्याला दोरी बांधून. आत्या त्यांना म्हणाली, "शहाणे आहात." मैदानाच्या कडेला बाकावर मी आणि बाबा बसलो. प्लास्टिकचे नारिंगी शंकू मांडलेले, मध्ये सिमेंटचा चढ, पलीकडे उतार आणि उताराखाली रेघ. गाडी चढावर गेली, मधेच थांबली, तिथेच धरून राहिली, पुन्हा निघाली. मग ती माथ्यावरून उतरायला लागली आणि बाबांनी डोळे मिटले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"उतरतेय."

"वेग?"

"बरोबर आहे."

"आता?"

"थांबली, बाबा. रेघेच्या अलीकडे. साहेबाचा चष्मा जागेवर आहे."

आत्या पास झाली. तिने तिथूनच मुलाला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "त्या जोडप्याला सांग, दुसरी जागा बघा." पलीकडून तो काय म्हणाला कुणास ठाऊक. तिने चालू फोन तसाच माझ्या हातात दिला. तो म्हणत होता, "आई, मला वाटलंच होतं तू पास होशील. म्हणूनच अट घातली मी." खरं असेल किंवा नसेल. मला तो त्या क्षणी फार आवडला.

पुढच्या आठवड्यात लायसन्स हातात आलं. तोवर मेकॅनिकने निळ्या व्हॅनची बॅटरी बदलून ती टेकडीवरून खाली आणली होती आणि आत्याने बाबांना शेजारी घेऊन ती गावातल्या गावात फिरवली होती. मग टेकडीवर जायचा दिवस आला. मागे मातीच्या गोण्या, रिकाम्या कुंड्या आणि लिंबाच्या कलमांचं खोकं लादलं. बाबांनी सकाळीच दाढी केली होती. पाण्याची बाटली, टॉर्च आणि गुंडाळलेली दोरी घेऊन ते शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि कुणी न सांगता त्यांनी मांडी घातली.

आत्या आत बसली, आरसा नीट केला आणि म्हणाली, "दादा, तू उतर."

"पहिल्याच दिवशी? अगं चढ आहे, वळणं आहेत, मागे वजन आहे. आज फक्त. उद्यापासून जा हवी तर एकटी."

"तू शेजारी असलास की मी तुझ्या भरवशावर चालवते. पाय बांधलेस तरी. मला माहीत असतं ना, तू आहेस." तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझं घर तिथे आहे. मला एकटीने जाता आलं पाहिजे. उतर, दादा."

बाबा उतरले. दोरी मात्र त्यांनी सीटवर ठेवली, आणि आत्याने ती राहू दिली. व्हॅन फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. "इंडिकेटर दिला तिने," बाबा म्हणाले. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं.

मग ते घरात येऊन फोनजवळच्या खुर्चीवर बसले. त्यांना तो रस्ता पाठ आहे. डोळे समोरच्या भिंतीवर, आणि मधूनमधून बोलत होते. "आता पूल... आता बसचा शेवटचा थांबा... इथे दुसरा गिअर टाकायला हवा." मी पुस्तक उघडून बसले होते आणि एकही ओळ वाचत नव्हते. आईने चहा आणून ठेवला, तो गार झाला तरी तिने टोमणा मारला नाही. बाबांच्या हिशेबाने ती पोहोचायला हवी होती, आणि फोन आला नाही. ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. "वळणावर थांबली असेल," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

फोन वाजला तेव्हा त्यांनी तो लगेच उचलला नाही. हातावर हात ठेवून एक क्षण बसले, मग उचलला. आत्या नेहमी टेकडीवरून खाली ऐकू जाईल अशा आवाजात बोलते, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू आलं.

"पोहोचले रे! आधी कलमं सावलीत ठेवली, म्हणून उशीर झाला. आणि ऐक, सगळा रस्ताभर तुझी बडबड चालू होती माझ्या कानात. आरसा बघ, क्लच हळू. मोठ्या वळणावर तर मी मोठ्याने म्हटलं, दादा, आता जरा गप्प बस, मला गाडी चालवू दे."

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग तू गप्प बसलास. आणि मी वळवली."

बाबांनी फोन ठेवून दिला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलंही नाही.

"पास झाली," ते म्हणाले.

"अहो, ती गेल्या आठवड्यातच झाली," आई म्हणाली.

"नाही," बाबा म्हणाले. "आत्ता झाली."